पडणे आणि पाडणे

नाशाच्या बाबतीत आपली मराठी भाषा शब्दांना मुळीच कमी पडत नाही. भिंत ढासळते, दरड कोसळते, जमीन खचते, दूध नासते, लाकूड कुजते, पेढी बुडते, घराणे धुळीस मिळते, आणि एखाद्याच्या संसाराची पार वाताहत होते. दुधाला ‘ढासळले’ म्हणता येत नाही आणि भिंतीला ‘नासली’ म्हणता येत नाही. प्रत्येक वस्तूला तिच्या मरणाचा वेगळा शब्द आपल्या पूर्वजांनी देऊन ठेवला आहे. लहानपणापासून हे शब्द तोंडात बसलेले असल्यामुळे त्यांच्याकडे थांबून पाहण्याची वेळ सहसा कोणावर येत नाही.

आम्हां उभयतांवर ती आली जपानी भाषेमुळे. आम्ही मूळचे वसईचे. नोकरीच्या निमित्ताने रायगड जिल्ह्यातील रोहे तालुक्यात, धाटाव येथे आमची बरीच वर्षे गेली. रोह्याहून कोलाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. कुंडलिका नदी जवळून वाहते. भाताची शेते, पाठीशी डोंगर, आणि त्यांच्या मध्ये रसायनांच्या कारखान्यांची औद्योगिक वसाहत. अशाच एका कारखान्यात यंत्रे बसवण्यासाठी काही जपानी तंत्रज्ञ आले होते. त्यांच्याशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून आम्ही एक पाठ्यपुस्तक आणले, आणि संध्याकाळच्या जपमाळेनंतर तासभर ते घेऊन बसू लागलो. तंत्रज्ञ आपले काम आटोपून गेले; पुस्तक मात्र घरात राहिले, आणि त्या भाषेची गोडीही राहिली.

यंत्राच्या सान्निध्यात शिकलेल्या भाषेत पहिला शब्द कोणता यावा? ‘कोवारेरु’, म्हणजे मोडणे, बिघडणे. घड्याळ, खुर्ची, पंप, सारे ‘कोवारेरु’. परंतु डोंगराचा कडा खाली आला की हा शब्द चालत नाही. तेथे ‘कुझुरेरु’ हवा. एकावर एक रचलेले, आपल्या भारावर उभे असलेले काही सुटून घसरले की ते ‘कुझुरेरु’. म्हणून दरड कोसळण्याला जपानीत ‘गाकेकुझुरे’ म्हणतात. आणि गंमत अशी, की चांगली उघडीप असलेले आकाश पावसाकडे झुकू लागले तर हवाही ‘कुझुरेरु’च. वरून दाब येऊन चिरडले जाणे म्हणजे ‘त्सुबुरेरु’. दुकान किंवा कंपनी बंद पडली की जपानी माणूस हा शब्द वापरतो. आपली कंपनी पाण्यात बुडते, त्यांची ओझ्याखाली चिरडते. राजघराणी, राष्ट्रे, मानववंश यांच्यासाठी ‘होरोबिरु’ हा गंभीर शब्द राखून ठेवलेला आहे. खुर्चीसाठी तो कोणी वापरणार नाही. ‘आरेरु’ हा शब्द तर आम्हांला फार आवडला. शेत पडीक पडले, समुद्र खवळला, थंडीने हात फुटले, या तिन्ही ठिकाणी ते लोक एकच ‘आरेरु’ म्हणतात. ज्याची निगा राहिली नाही, जे हाताबाहेर जाऊन रानटी झाले, ते सारे या एका शब्दात येते.

या घरगुती शब्दांच्या वरच्या मजल्यावर चिनी घडणीचे भारदस्त शब्द आहेत. ‘हाकाइ’ म्हणजे विध्वंस, ‘होकाइ’ म्हणजे ढासळून पडणे, ‘काइमेत्सु’ म्हणजे संपूर्ण नाश. वर्तमानपत्रे, सरकारी अहवाल आणि व्याख्याने यांत ते भेटतात. आपल्याकडे हेच काम संस्कृत शब्द करतात. स्वयंपाकघरात कोणी ‘दुधाचा विनाश झाला’ म्हणत नाही, आणि संपादकीयात ‘पर्यावरण नासले’ असे क्वचितच छापले जाते. शिवाय आपल्याकडे तिसरा मजला आहे, तो फारसीचा. बरबाद, नेस्तनाबूत, बेचिराख हे सगळे तिकडचे. ‘बेचिराख’ हा शब्द ऐकला की आपल्याला राख दिसते; पण मूळ शब्द ‘बेचिराग’, म्हणजे जेथे दिवा उरला नाही असा. वस्ती उठून गेलेल्या गावाला जुन्या महसुली दप्तरात ‘बेचिराग’ म्हणत. गावाचा नाश मोजायचा तो पडलेल्या घरांवरून नव्हे, संध्याकाळी न लागलेल्या दिव्यांवरून! आम्हांला हा शब्द अत्यंत दुःखाचा आणि अत्यंत अचूक वाटतो. ज्या रायगड जिल्ह्याने १९८९ च्या जुलैत जांभूळपाड्याचा पूर पाहिला, २०२१ च्या जुलैत महाड तालुक्यातील तळिये आणि २०२३ च्या जुलैत खालापूर तालुक्यातील इरसालवाडी दरडीखाली गेलेली पाहिली, त्याला या शब्दाचा अर्थ कोशात शोधावा लागत नाही.

पडून गेलेल्या इमारतींसाठीही जपानीत दोन शब्द आहेत. ‘हाइक्यो’ म्हणजे ओसाड, टाकून दिलेले पडके. ‘इसेकी’ म्हणजे मागे राहिलेली खूण, जतन करावी असा अवशेष. दगड तेच असतात, पाहणाऱ्याची दृष्टी बदलली की शब्द बदलतो. कुंडलिका रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते. तिच्या एका तीरावर रेवदंड्याचा कोट आणि दुसऱ्या तीरावर कोर्लईचा किल्ला. १७४० साली हा मुलूख पोर्तुगिजांच्या हातून मराठ्यांकडे गेला. कोटात आज चर्चच्या आणि मठांच्या उघड्या भिंती, छप्पर हरवलेल्या कमानी आणि एक उंच मनोरा उभा आहे. तेथील एका लहान प्रार्थनामंदिराशी संत फ्रान्सिस झेवियर यांचे नाव जोडले जाते. नारळी-पोफळीच्या वाड्यांतून वाट काढत आम्ही तेथे गेलो, तेव्हा हे ‘हाइक्यो’ की ‘इसेकी’ असा प्रश्न आम्हांला पडला. परंतु पलीकडच्या कोर्लईत पाऊल ठेवले आणि उत्तर मिळाले. राज्य गेले, तटबंदी ढासळली, तरी त्या गावातील कॅथलिक कुटुंबे आपली पोर्तुगीज वळणाची बोली पिढ्यान्‌पिढ्या घरात बोलत राहिली. भिंती पडल्या म्हणून माणसे ‘होरोबिरु’ होत नाहीत. आम्हां वसईकरांना हे वेगळे सांगायला नको. १७३९ नंतर वसईच्या किल्ल्यातील घंटा थांबल्या, तरी गावागावांतली जपमाळ थांबली नाही.

वसईचे नाव निघालेच आहे, तर एक गोष्ट आठवणीने सांगायला हवी. जपानी भाषा बोलणारे आम्ही काही पहिले वसईकर नव्हे. संत गोन्सालो गार्सिया हे आपल्या वसईचे सुपुत्र. १५९३ साली मनिलाहून फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता जपानला गेले, तेव्हा ब्रदर गोन्सालो हे त्यांचे दुभाषे होते. आधी व्यापारी म्हणून त्या देशात राहिल्यामुळे त्यांना ती भाषा उत्तम अवगत होती. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथील निशिझाका टेकडीवर जे २६ रक्तसाक्षी क्रुसावर मरण पावले, त्यांत ते होते. १८६२ साली पोप पायस नववे यांनी या सर्वांना संतपद दिले. आपण त्यांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती लावतो. पण वसईचा एक मुलगा जपानच्या सर्वसत्ताधीश हिदेयोशीपुढे उभा राहून त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोलत होता, ही गोष्ट आपल्या क्वचितच मनात येते.

त्याच नागासाकीत ‘कुझुरे’ या शब्दाला एक अर्थ चिकटला, जो आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हता. ख्रिस्ती धर्मावर बंदी आल्यानंतर उराकामी भागातील शेतकरी अडीचशे वर्षे गुप्तपणे श्रद्धा जपत राहिले. धर्मगुरू नाही, मिस्सा नाही. केवळ बाप्तिस्मा आणि तोंडपाठ प्रार्थना. १७ मार्च १८६५ रोजी त्यांच्यापैकी काही जण नागासाकीतील नव्या ओउरा चर्चमध्ये फादर पेटिजाँ यांच्यापुढे आले आणि त्यांनी आपली ओळख दिली. असे गुप्त गट उघडकीला येऊन त्यांची धरपकड झाली की त्या घटनेला ‘कुझुरे’ म्हणत. उराकामीत अशा चार ‘कुझुरे’ झाल्या. चौथी १८६७ साली सुरू झाली. गावातील सुमारे ३४०० माणसे देशभर हद्दपार झाली आणि त्यांतील सहाशेंहून अधिक परत आली नाहीत. १८७३ साली बंदी उठली. उरलेले घरी आले, आणि पुढे १८९५ साली त्यांनी आपल्या कॅथेड्रलच्या बांधकामाला हात घातला. मनोऱ्यांसह ते पूर्ण व्हायला १९२५ साल उजाडले. ९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी अणुबाँब पडला, तो त्या कॅथेड्रलपासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर. प्रायश्चित्त संस्कारासाठी आत जमलेले भाविक आणि दोन धर्मगुरू तेथेच संपले. उराकामीच्या सुमारे १२,००० कॅथलिकांपैकी सुमारे ८,५०० मृत्युमुखी पडले. काहींनी या घटनेलाही त्याच मालिकेतील नाव दिले, पाचवी ‘कुझुरे’.

येथे आम्ही थबकलो. ‘कुझुरे’ म्हणजे आपोआप ढासळणे, डोंगरावरून माती येते तसे. जपानी क्रियापदांच्या जोड्या असतात. ‘कोवारेरु’ मोडणे, तर ‘कोवासु’ मोडून टाकणे. ‘कुझुरेरु’ ढासळणे, तर ‘कुझुसु’ ढासळवणे. ‘होरोबिरु’ नष्ट होणे, तर ‘होरोबोसु’ नष्ट करणे. आपल्याकडेही तसेच आहे. पडणे आणि पाडणे, तुटणे आणि तोडणे, जळणे आणि जाळणे, बुडणे आणि बुडवणे. पहिल्या शब्दात फक्त घटना असते, दुसऱ्यात कर्ता उभा राहतो. उराकामीच्या त्या गावाला कोणीतरी पकडले होते, हद्दपार केले होते. अणुबाँब काही ढगातून पाऊस पडावा तसा पडला नव्हता. तरीही शब्द मात्र उरला तो दरडीचा.

त्याच दुःखातून उराकामीचे डॉक्टर ताकाशी नागाई यांनी २३ नोव्हेंबर १९४५ रोजी मृतांसाठी झालेल्या प्रार्थनेत ‘हानसाइ’ हा शब्द उच्चारला. जुन्या करारात वेदीवर पूर्ण जाळले जाई त्या होमार्पणाचा हा शब्द. स्वतः पत्नी गमावलेल्या, किरणोत्साराने आजारी असलेल्या त्या भक्तिमान माणसाने भग्न कॅथेड्रलजवळ उभे राहून आपल्या लोकांना जगण्याचे बळ दिले, यात शंका नाही. पण पुढे अनेकांनी विचारले, की हे अर्पण असेल तर बाँब टाकणाऱ्याचे काय? २५ फेब्रुवारी १९८१ रोजी पोप जॉन पॉल दुसरे हिरोशिमा येथे बोलले, तेव्हा युद्ध हे माणसाचेच काम असल्याचे त्यांनी बजावले. ‘झाले’ या क्रियापदाच्या जागी ‘केले’ हे क्रियापद आले. पोप महोदयांच्या या शब्दांनी आपली दृष्टी बदलल्याचे वाचलेल्यांपैकी काहींनी पुढे सांगितले.

हिरोशिमाच्या स्मारकशिळेची कथाही याच जातीची आहे. १९५२ साली बसवलेल्या त्या शिळेवर मृतांना शांती चिंतून ती चूक पुन्हा होऊ न देण्याचे वचन कोरले आहे. जपानी वाक्यात कर्ता गाळता येतो. येथेही तो गाळलेला आहे. चूक कोणाची? त्याच वर्षी आपल्या देशाचे न्यायमूर्ती राधाविनोद पाल तेथे गेले आणि नेमका हाच प्रश्न त्यांनी विचारला. येथे कर्ता म्हणजे सारी मानवजात, असा खुलासा नगरपालिका करीत आली आहे. एका न लिहिलेल्या शब्दावर इतकी वर्षे चर्चा चालावी, यातच व्याकरण किती खोल जाते ते दिसून येते.

हे सगळे आम्ही नागासाकी-हिरोशिमापुरते ठेवले असते. पण कुंडलिकेने ठेवू दिले नाही. १९२७ साली सुरू झालेल्या भिरा येथील जलविद्युत केंद्रातून सुटणाऱ्या पाण्यामुळे ही नदी उन्हाळ्यातही वाहती असते. त्या पाण्यावर शेती झाली, आणि त्या पाण्यामुळेच कारखानेही आले. कारखान्यांनी या भागातील कितीतरी घरांच्या चुली पेटवल्या. आमचीही त्यांतलीच एक. पण खाली खाडीकडे मासे मिळेनासे झाल्याची कोळी बांधवांची तक्रारही तितकीच खरी. सांडपाण्यासाठी सामायिक प्रक्रिया केंद्र उभे राहिले, तरी ही तक्रार संपली नाही. रोह्याच्या बाजारात एका वृद्ध कोळणीकडून आम्ही मासळी घेत असू. पूर्वी तिच्या पाटीत खाडीचा जिताडा असे. तो दिसेनासा झाला, तेव्हा आम्ही सहज म्हणालो, “मावशी, नदी अगदी नासली हो.” कोयता खाली न ठेवता तिने आमच्याकडे पाहिले आणि ती म्हणाली, “नासली नाय बाय, नासवली.”

एका अक्षराचा फरक! पाठ्यपुस्तकातील क्रियापदांच्या जोड्या आम्ही रात्री जागून पाठ केल्या होत्या. त्यांचा अर्थ त्या बाईने मासे कापता कापता सांगितला. दूध नासते, कारण ते दूध आहे. नदीचा धर्म नासणे हा नव्हे. जपानमधील मिनामाता येथेही हेच घडले. चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून खाडीत गेलेला पारा माशांत उतरला आणि माशांतून माणसांत. १ मे १९५६ रोजी त्या अनोळखी आजाराची अधिकृत नोंद झाली; परंतु तो कारखान्याच्या सांडपाण्यामुळे झाला, हे सरकारने मान्य करायला १९६८ साल उजाडले. मधली बारा वर्षे तो केवळ ‘झालेला’ आजार होता, कोणी ‘केलेला’ नव्हता. कोळ्यांची कुटुंबे तेथेही सर्वांत आधी बळी पडली. क्रियापद बदलायला बारा वर्षे लागली, आणि तेवढ्या काळात सांडपाणी वाहतच राहिले.

मराठी माणूस या बाबतीत फार चतुर आहे. हातातली कपबशी पडली की आपण म्हणतो, “कप फुटला.” फार तर म्हणतो, “माझ्या हातून फुटला.” जणू हात वेगळा आणि आपण वेगळे! जपानी शिकवणारे येथे विद्यार्थ्याला थांबवतात. पाहुणे म्हणून गेलेल्या घरी कप निसटला, तर ‘फुटला’ म्हणणे असभ्य. ‘मी फोडला’ असेच म्हणायचे असते. प्रकृतीच्या बाबतीतही तेच. आपले पोट बिघडते, तब्येत ढासळते. जपानी माणूस मात्र ‘कोवासु’ वापरतो. मी पोट मोडले, मी शरीर मोडले, असे म्हणतो. जे लोक स्मारकशिळेवर कर्ता गाळतात, तेच कपाच्या बाबतीत तो न चुकता सांगतात! कोणतीही भाषा सर्वस्वी प्रामाणिक नसते आणि कोणतीही सर्वस्वी लबाड नसते. दोन्ही क्रियापदे हाताशी असतात; निवड बोलणाऱ्याची.

आपल्या ख्रिस्तसभेने ही निवड आपल्यासाठी फार पूर्वी करून ठेवली आहे. मिस्साच्या प्रारंभी आपण छातीवर हात ठेवून जी कबुली देतो, तिच्यात कर्ता पहिल्याच शब्दात येतो. पाप ‘झाले’ असे तेथे म्हणता येत नाही. मी ‘केले’ असेच म्हणावे लागते. विचाराने, शब्दाने आणि कृतीने केले, तसे कर्तव्य टाळूनही केले. हा शेवटचा भाग नदीकाठी राहणाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावा असा आहे. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीला आपले सामायिक घर म्हटले. घर सामायिक असेल तर ते नासवल्याची कबुलीही सामायिक असायला हवी. म्हणून कारखानदार, अधिकारी, ग्राहक आणि शेजारी या सर्वांना त्या वाक्यात जागा आहे. मात्र प्रत्येकाने आपापल्या वाट्याइतकीच, कमी नाही आणि दुसऱ्यावर ढकललेली नाही.

नाशाचे शब्द शिकत गेलो, तसा शेवटी दुरुस्तीचा शब्दही भेटला. ‘नाओरु’ म्हणजे बरे होणे, आणि ‘नाओसु’ म्हणजे बरे करणे. बिघडलेला पंप आणि आजारी माणूस, दोघांसाठी उच्चार एकच. लिहिताना चिन्ह तेवढे बदलते. उराकामीचे कॅथेड्रल १९५९ साली पुन्हा उभे राहिले. त्याच्या दोन घंटांपैकी एक ढिगाऱ्यातून निघाली आणि १९४५ च्या नाताळातच वाजली. दुसरी फुटली होती, तिची जागा रिकामी राहिली. अमेरिकेतील कॅथलिकांनी पैसे जमवून नवी घंटा पाठवली, आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजी, ऐंशी वर्षांनंतर, दोन्ही घंटा एकत्र वाजल्या. ज्या देशाने बाँब टाकला, त्याच देशाच्या भाविकांनी ती घंटा दिली. आपल्या देशाने काय केले हे ज्यांनी नीट उच्चारले, त्यांनाच हे सुचू शकले, असे आम्हांला वाटते.

कुंडलिकेबाबतही आमची आशा एवढीच आहे. नदी आपोआप सुधारेल असे कोणी म्हणू नये. ‘सुधारेल’ हे क्रियापद डोंगरावरच्या पावसावर सोडून देता येते; ‘सुधारू’ म्हटले की आपल्यापैकी कोणाला तरी उठावे लागते.